नगरला म्हणजे कुठे?

प्रस्तावना

जामखेड, पाथर्डी, शेवगाव, अकोले अशा कुठल्याही एसटी स्टँडवर ‘नगरला जायचंय’ म्हणणाऱ्याला कंडक्टर ‘कुठल्या नगरला?’ असे विचारत नाही. देशात श्रीनगर आहे, गांधीनगर आहे, भावनगर आहे, आपल्याच राज्यात उल्हासनगर आहे, आणि शहरोशहरीच्या शिवाजीनगरांची तर मोजदादच नाही. तरी या जिल्ह्याच्या १४ तालुक्यांत नगर म्हणजे एकच. शाळेत व्याकरण शिकवताना गुरुजी ‘नगर’ हा शब्द सामान्यनामाच्या रकान्यात लिहून घेत. मधल्या सुट्टीत तेच गुरुजी ‘उद्या नगरला मीटिंग आहे’ म्हणत, तेव्हा तो गुपचूप विशेषनामाच्या रकान्यात जाऊन बसे.

हे पुस्तक त्या तीन अक्षरांबद्दल आहे. संस्कृतात ‘नगर’ म्हणजे शहर, एवढे कळले की मराठी माणसाचे काम भागते. पण हाच शब्द जुन्या तमिळमध्ये वाडा होता, सुमात्रात आजही खेडे आहे, मलेशियात देश आहे, थायलंडात पालिकेचा दर्जा आहे, आणि पुण्या-मुंबईत चार इमारती व एक वॉचमन एवढ्यावरही त्याचे भागते. एका शब्दाने इतक्या ठिकाणी इतके निरनिराळे संसार कसे थाटले, हा या पुस्तकाचा विषय. तो धुंडाळताना माझी एक धारणा पक्की होत गेली. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पुढची पाने भांडत वाचता येतील. ‘नगर’चा अर्थ किती घरे, किती माणसे, किती उंच तट यांवरून ठरत नाही. त्याच्यासमोर दुसरा कोणता शब्द उभा आहे, यावरून तो ठरतो. समोर झोपडी असेल तर नगर म्हणजे वाडा, समोर गाव असेल तर शहर, समोर परमुलूख असेल तर आपला मुलूख.

सुरुवात घरापासून. १४९० साली मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात, सीना नदीच्या काठी, आपली राजधानी वसवली. त्याआधी त्याचे ठाणे होते जुन्नर. जुन्नर हे नाव ‘जीर्णनगर’ या शब्दापासून आले असे मानतात. ते खरे धरले तर निजामशाहीचा पहिला सुलतान जुन्या नगरातून उठला आणि नव्या नगरात येऊन बसला. दोन्हीकडे शब्द तोच. एकीकडे तो झिजून नुसता ‘नर’ उरला होता, दुसरीकडे नवाकोरा लागला. अहमदचे नगर म्हणून अहमदनगर. पण लोकांच्या तोंडी संस्थापकाचे नाव गळाले आणि नगर राहिले. माणसाला बोलताना जेवढा भाग पुरतो तेवढाच तो ठेवतो.

२०२४ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. या बदलाच्या बाजूने आणि विरोधात भरपूर बोलून-लिहून झाले आहे, त्यात मी भर घालत नाही. माझ्या विषयापुरती गोष्ट एवढीच, की समासातले पहिले पद बदलले, दुसरे जागचे हलले नाही. असे पूर्वीही झाले आहे, आणि तेही एका अहमदनगरच्याच बाबतीत. गुजरातेत, साबरकांठ्यात, सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात वसवलेले एक अहमदनगर होते. इडर संस्थानच्या राजकुमाराच्या नावावरून १९१२ साली त्याचे हिंमतनगर झाले. तिथेही नगर शाबूत. पाटीवरच्या नावात पहिली जागा बहुधा सत्तेची असते. दुसरीवर कोणी हक्क सांगायला येत नाही, म्हणून ती टिकते.

नुसते ‘नगर’ उरलेले गाव आपलेच एकटे आहे, असा नगरकरांचा समज असेल तर तो सोडून द्यावा. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात बिदनूर म्हणून केळदी नायकांची राजधानी होती. १७६३ साली हैदरअलीने ती घेतली आणि तिला हैदरनगर हे नाव दिले. आज त्या गावाचे नाव ‘नगर’. बिदनूरही गेले आणि हैदरही गेला. हिमाचलात कुलूच्या राजांची जुनी राजधानी होती नग्गर, तीही नुसती नगरच. बालीच्या पश्चिम टोकाला जेंब्राना नावाचा जिल्हा आहे, त्याच्या मुख्य गावाचे नाव नेगारा. श्रीलंकेत इंग्रज ज्याला कँडी म्हणत, त्याला सिंहली माणूस ‘महनुवर’ म्हणतो आणि घाईत असला की ‘नुवर’. हा ‘नुवर’ म्हणजे आपलाच नगर. ‘ग’ वितळून ‘व’ झाला इतकेच. थंड हवेचे ठिकाण म्हणून आपले लोक जिथे सहलीला जातात त्या नुवर एलियातला नुवरही तोच. थायलंडच्या दक्षिणेत नाखोन सी थम्मरात, म्हणजे ‘नगर श्री धर्मराज’, हे जुने शहर आहे. तिथल्या लोकांनी तर आपल्यावर ताण केली. त्यांनी ‘नाखोन’मधलाही पुढचा तुकडा टाकला आणि शहराला ‘खोन’ म्हणू लागले. मदीना म्हणजे शहर, आणि मदीना म्हणजे एक विशिष्ट शहर, हा अरबीतला प्रकारही याच जातीचा. आसपास तोलामोलाचे दुसरे ठिकाण नसले की विशेषण लावण्याचे कष्ट कोणी घेत नाही. समोरचा शब्द अर्थ ठरवतो असे मी म्हणतो, त्याचे हे सगळ्यात साधे उदाहरण: इथे समोर कोणी नाही.

आता जिल्ह्यातच थोडे उत्तरेला. प्राकृतात ‘नगर’चा ‘ग’ गळाला, तो ‘णयर’ किंवा ‘नयर’ झाला, आणि पुढे ‘नेर’. राजस्थानातले बिकानेर आणि सांगानेर, गुजरातेतले चांपानेर, खानदेशातले अमळनेर आणि जामनेर या सगळ्यांच्या शेपटात भाषेचे अभ्यासक हाच नगर पाहतात. म्हणजे प्रवरा आणि म्हाळुंगी जिथे मिळतात ते संगमनेर हे संगमाचे नगर. पारनेरची जोडणी लोक पराशर ऋषींशी करतात. ते ऋषी खरे की दंतकथेतले हे बाजूला ठेवू. शेवटचा नेर मात्र व्याकरणातला आहे. त्याच तालुक्यात पिंपळनेर आहे, संत निळोबारायांचे. तेव्हा सकाळी संगमनेरहून निघून पारनेरमार्गे नगरला पोचणाऱ्या माणसाने एकाच शब्दाच्या दोन वयांतून प्रवास केलेला असतो आणि तिकीट मात्र एकाच गावाचे काढलेले असते. यातला गमतीचा भाग हा, की अहमदनगर हे नाव या तिघांत सगळ्यात ताजे आणि रूप सगळ्यात जुने. मधल्या काळात बोलीत शब्द झिजून झिजून ‘नेर’ झाला होता. दरबाराला नवे नाव हवे होते तेव्हा झिजलेले नाणे चालणार नव्हते, म्हणून संस्कृताच्या टांकसाळीतले काढले.

टांकसाळ संस्कृताचीच का, हाही प्रश्न आहे. ऋग्वेदात ‘पुर’ आहे, ‘नगर’ नाही. शहर या अर्थी ‘नगर’ पहिल्यांदा भेटतो तो तैत्तिरीय आरण्यकात, म्हणजे बराच उशिरा. वैयाकरण त्याची फोड ‘नग’ या शब्दापासून करतात. नग म्हणजे जो जात नाही तो, म्हणजे डोंगर किंवा झाड. डोंगरासारखे वाडे जिथे आहेत ते नगर. ही फोड ऐकायला छान आहे, आणि छान असणे हाच मला तिचा दोष वाटतो. शब्द वापरात येऊन गेल्यावर त्याला शोभेसा पूर्वज शोधून आणावा, तशी ती दिसते. दुसरीकडे तमिळच्या संगम वाङ्मयात ‘नकर’ हा शब्द घर, वाडा, राजवाडा, देऊळ आणि शहर अशा सगळ्या अर्थांनी येतो. म्हणून काही भाषाशास्त्रज्ञांनी हा मुळात द्राविडी शब्द असून तो तिथून संस्कृतात आला, असे सुचवले. वाद मिटलेला नाही. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. मोठ्या घराचा शब्द मोठ्या वस्तीला लागणे हे सहज घडते. आपल्याकडे ‘वाडा’ घराचाही असतो आणि अख्ख्या आळीचाही. पण कल म्हणजे निकाल नव्हे, आणि पुस्तकात दोन्ही बाजू सारख्याच तपशिलाने दिल्या आहेत.

इथे थोडे विषयांतर. या जिल्ह्यात शहरासारखी वस्ती हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला चार हजार वर्षांपूर्वी लोक राहत होते. तिथे १९७४ साली सापडलेला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा पाहिले की त्या वस्तीला खेडे म्हणायला जीभ रेटत नाही. संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावाने तर एका अख्ख्या ताम्रपाषाण संस्कृतीला ओळखतात. त्या माणसांनी आपल्या वस्तीला कोणत्या शब्दाने हाक मारली, हे आता कोणीही सांगू शकत नाही. शब्दाचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास एक समजण्याची चूक करू नये, म्हणून हे नोंदवले.

तमिळ देशात हा शब्द पुढे व्यापाऱ्यांनी उचलला. चोळांच्या शिलालेखांत ‘नाडू’, ‘ऊर’, ‘ब्रह्मदेय’ यांच्या जोडीला ‘नगरम’ येते, आणि ते म्हणजे जागा जितकी, तितकीच तिथल्या व्यापाऱ्यांची सभा. शेतकऱ्यांचे ते ऊर, ब्राह्मणांचे ते ब्रह्मदेय, वाण्यांचे ते नगरम. चेट्टिनाडचे नाट्टुकोट्टै चेट्टियार आजही स्वतःला ‘नगरत्तार’ म्हणवतात. मराठीत नगरकर म्हणजे नगरचा राहणारा. तमिळमध्ये नगरत्तार म्हणजे पिढीजात सावकारी-व्यापाराचे घराणे. पंजाबीत उलटा प्रवास दिसतो. तिथे गावातल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून ‘समूह नगर निवासी’ असे छापतात, गाव चारशे उंबऱ्यांचे असले तरी. आणि गावाची पहिली वस्ती जिथे पडली ती जागा ‘नगर खेडा’ म्हणून पूजली जाते. शहर हा अर्थ तिथे गळून पडला. आपण सगळे जिथे एकत्र राहतो ती जागा, एवढा उरला.

पण या शब्दाचा सगळ्यात मोठा पसारा समुद्रापलीकडे आहे, आणि पुस्तकाचा अर्ध्याहून जास्त भागही त्यालाच लागला. कंबोडियात ‘नगर’चा ‘नोकोर’ झाला आणि त्याचेच दुसरे रूप ‘आंग्कोर’. आंग्कोर वाट म्हणजे नगराचे देऊळ. ‘नोकोर’चा अर्थ मात्र शहराशी थांबला नाही, राज्यापर्यंत वाढला, आणि कंबोडियाच्या राष्ट्रगीताचे नाव आहे ‘नोकोर रीच’, म्हणजे राजाचे राज्य. मलेशियाचे राष्ट्रगीत ‘नेगाराकू’, म्हणजे माझा देश. दोन देशांची राष्ट्रगीते ज्या शब्दावर उभी आहेत तो शब्द आपल्याकडे बसच्या पाटीवर असतो. ब्रुनेईच्या अधिकृत नावाची सुरुवातच ‘नेगारा’ने होते. व्हिएतनामात न्हा त्रांगला चाम लोकांनी बांधलेली विटांची जुनी देवळे आहेत, ती पो नगर देवीची. चाम भाषेत ‘नगर’ म्हणजे देश, आणि ती देशाची माता.

असे का व्हावे? राजधानी म्हणजेच राज्य, अशी तिथली व्यवस्था होती. सीमारेषा आखून राज्य मोजण्याची पद्धत नव्हती. राजवाड्याचा प्रकाश जिथवर पडेल तिथवर राज्य. क्लिफर्ड गीर्त्झ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९८० साली बालीतल्या एकोणिसाव्या शतकातल्या राज्यांवर पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘नेगारा’. वाडा, राजधानी, राज्य आणि शहर हे सगळे अर्थ त्या एका शब्दात एकावर एक बसलेले असतात असे तो दाखवतो. आणि समोर उभा असतो दुसरा शब्द: ‘देसा’.

हा ‘देसा’ म्हणजे आपला ‘देश’. इंडोनेशियात देसा म्हणजे खेडे आणि नेगारा म्हणजे देश. आपले नगर त्यांचा देश झाला आणि आपला देश त्यांचे खेडे. मराठी वाचकाला यात पहिल्यांदा हसू येते, पण जरा थांबावे. नगर जिल्हा ‘देशा’वर आहे असे आपणही म्हणतो, तेव्हा आपल्याला भारत अभिप्रेत नसतो, घाटमाथ्यावरचा पठारी मुलूख असतो. देशमुख आणि देशपांडे काही राष्ट्राचे अधिकारी नव्हते, परगण्याचे होते. ‘देश’ मराठीतही काल-परवापर्यंत लहानच होता. समोर कोकण उभे होते तोवर देश म्हणजे घाटावरचा भाग. समोर इंग्लंड येऊन उभे राहिले तेव्हा देश म्हणजे हिंदुस्थान. जावा-बालीत समोर राजवाडा होता, म्हणून देश म्हणजे खेडे राहिले.

मजापहित साम्राज्याच्या वैभवाचे वर्णन करणारे प्रपंच कवीचे काव्य १३६५ सालचे. जगात ते ‘नागरक्रेतागम’ या नावाने ओळखले जाते. कवीने स्वतः दिलेले नाव होते ‘देशवर्णन’. नगर हे नाव नंतर चिकटले. त्याची ताडपत्री पोथी १८९४ साली डच फौजेने लोंबोक बेटावरचा राजवाडा पाडला तेव्हा हाती लागली, आणि त्या गावाचे नाव चक्रनेगारा. या योगायोगावर मी एक अख्खे प्रकरण लिहिले होते. छपाईपूर्वी कापून एका परिच्छेदावर आणले, आणि त्यात वाचकाचे भलेच झाले.

मग शहराला तिथे काय म्हणतात? ‘कोता’. हा संस्कृतातला ‘कोट’. नगर वर चढून देश झाल्यावर खाली मोकळ्या झालेल्या जागेवर कोट येऊन बसला. राजधानीला ते म्हणतात ‘इबू कोता’, म्हणजे आई-कोट, मायकोट. ज्या शहराच्या मध्यावर भुईकोट किल्ला आहे त्या शहरातल्या माणसाला हे समजायला कोशाची गरज पडू नये. नागरिकाला ते ‘वार्गा नेगारा’ म्हणतात, यात ‘वार्गा’ म्हणजे आपला ‘वर्ग’. परराष्ट्र म्हणजे ‘लुआर नेगेरी’, नगरीबाहेरचे. हा ‘नेगेरी’ म्हणजे आपली ‘नगरी’, आणि मलेशियाने नगर-नगरी या जोडीची वाटणी मोठ्या हुशारीने केली: देश तो नेगारा, त्यातले घटकराज्य ते नेगेरी. त्यांतल्या एका राज्याचे नावच नेगेरी सेंबिलान, नऊ नगऱ्या.

त्या नऊ नगऱ्यांचे पूर्वज आले सुमात्राच्या मिनांगकाबाउ मुलखातून, आणि तिथे ‘नगारी’ म्हणजे गाव. आपल्या पाणंदी, आपली भातखाचरे, आपल्या जमातीचे पंच असलेले गाव. त्याच्यासमोरचा शब्द ‘रंताउ’: बाहेरचा मुलूख, जिथे तरुण पोटापाण्यासाठी जातात. म्हणजे नगारी हे घर आणि रंताउ ही मुंबई. १९७९ साली इंडोनेशियाच्या सरकारने कायदा करून देशभरच्या खेड्यांना एकच साचा लावला, आणि नगारी मोडून त्यांच्या ‘देसा’ केल्या. लोकांना ते रुचले नाही. सुहार्तोंची राजवट गेल्यावर, २००० नंतर, पश्चिम सुमात्राने कायद्याने नगारी परत आणल्या. नगर काढून देश दिला तर माणसे खूश होतील असे आपल्याला वाटेल. तिथे त्यांनी भांडून नगर परत घेतले. पुस्तकातले हे प्रकरण मला स्वतःला सगळ्यात आवडते.

जसा नगर वर चढला, तसा एक शब्द खाली उतरला. तो म्हणजे ‘शहर’. फारसीतला हा शब्द मुळात ‘क्षत्र’चा सख्खा भाऊ, अर्थ राज्य, अंमल. सासानी काळात ‘एरानशहर’ म्हणजे इराणचे साम्राज्य. पुढे तो आकसत आकसत एका गावठाणावर आला. राज्याचा शब्द शहरापर्यंत उतरला, आणि शहराचा शब्द राज्यापर्यंत चढला. दोघांची गाठ पडायला कुठेतरी जागा हवी होती, ती आपल्याकडे मिळाली: नगर तालुका आणि नगर जिल्हा यांहून वेगळे दाखवायचे असले की आपण म्हणतो, ‘नगर शहर’. व्याकरणाच्या काटेकोर माणसाला ही द्विरुक्ती वाटेल. मला ती दोन दिशांनी आलेल्या पाहुण्यांची पंगत वाटते.

मराठीतल्या घरच्या नात्यांवर पुस्तकात एक प्रकरण आहे, त्याचा फक्त मासला इथे देतो. ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत, पण ‘नगरी’ बोली म्हटली की डोळ्यांपुढे येते ती रांगडी, आडव्या हेलाची भाषा. ‘नगरभवानी’ ही शिवी आहे. नागर शैलीची देवळे शोधत निघालात तर अकोले तालुक्यातल्या रतनवाडीला जावे लागते. तिथले अमृतेश्वराचे देऊळ त्या शैलीच्या भूमिज प्रकारातले आहे. वाडीत नागर देऊळ आणि नगरात रांगडी भाषा. शिवाय सरकारी नगर वेगळाच. मंत्रालयातल्या ‘नगर विकास विभागा’चा नगरच्या विकासाशी जितका संबंध आहे तितकाच लातूरच्या. ‘नगरचे नगरसेवक’ आणि ‘नगरची महानगरपालिका’ हे शब्दप्रयोग आमच्याकडे कोणालाही खटकत नाहीत. आणि सावेडी-केडगावकडे नवी वसाहत झाली की तिच्या कमानीवर पुन्हा कोणते ना कोणते नगर असतेच. म्हणजे नगर जिल्ह्यात नगर तालुका, त्यात नगर शहर, त्यात उपनगर, आणि उपनगरात परत नगर.

‘नागरिक’चे कुटुंबही असेच विखुरलेले. हिंदीत ‘नागरिकता’ म्हणजे पासपोर्टवर असते ती. तेलुगू आणि कन्नडमध्ये तोच शब्द म्हणजे सभ्यता, मोहेंजोदडोची असते ती. तमिळमध्ये ‘नागरिकम’ म्हणजे सभ्यताही आणि फॅशनही. मला इथे नेहमी भुईकोट किल्ला आठवतो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे आणून ठेवले: नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभि सीतारामय्या, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष, शंकरराव देव आणि इतर. १९४४ साली त्याच तुरुंगात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, आणि त्याच्या प्रस्तावनेत आपल्या सोबत्यांमुळे देशातल्या बहुतेक प्रमुख भाषा तिथे हजर होत्या, असे नमूद केले. देशाच्या सभ्यतेचा आणि होऊ घातलेल्या नागरिकत्वाचा विचार नगरच्या तटाआड चालला होता. त्या दोन कल्पनांना पंतांच्या हिंदीत दोन शब्द लागले असते. सीतारामय्यांच्या तेलुगूत त्यांतल्या पहिलीलाच ‘नागरिकता’ म्हणतात, आणि दुसरीसाठी ‘पौरसत्वम’, म्हणजे पुन्हा ते ऋग्वेदातले ‘पुर’.

एक इशारा. सारखा आवाज म्हणजे सारखे रक्त, असे समजणारे उत्साही लोक या विषयावर फार आहेत. त्यांच्यासाठी एक प्रकरण मुद्दाम ठेवले आहे. सीरियात आज टेल ब्राक नावाचे मोठे टेकाड आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे भरभराटीचे शहर होते, आणि त्याचे नाव होते ‘नगर’. सुमेरी भाषेत ‘नगर’ नावाचा एक शब्दही आहे, त्याचा अर्थ सुतार. तो अक्कडीत गेला, अरामीत गेला, आणि अरबीत ‘नज्जार’ झाला. काश्मिरात नजार आडनावाची कुटुंबे आहेत, ती या सुतारांच्या शब्दाची वारस. म्हणजे श्रीनगरात राहणाऱ्या एखाद्या नजार कुटुंबाच्या पत्त्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. टेल ब्राकच्या नगरचेही आपल्या नगरशी नाही. आपल्या घरातच पाहा: नगारा अरबी ‘नक्कारा’पासून आला आणि नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून, नगरशी दोघांची फक्त अक्षरे जुळतात. सगळे जग आपल्यातूनच निघाले असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण वगळले तरी हरकत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

या पुस्तकात काय नाही, तेही सांगितले पाहिजे. देवनागरी लिपीच्या नावातल्या ‘नागरी’वर इतके लिहिले गेले आहे आणि त्यात ठाम इतके थोडे आहे, की तो वाद मी दोन पानांत आटोपला. गुजरातच्या नागर ब्राह्मणांचा इतिहास हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय. ‘पूर’ हा भाऊबंद शब्द मोह पडेल असा आहे, कारण थायलंडातले कांचनबुरी आणि आपले श्रीरामपूर त्याने जोडले जातात, पण त्याच्या वाटेला गेलो असतो तर हे पुस्तक संपले नसते. परभाषेतले शब्द मी कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. साहेबाच्या जुन्या कागदांत ‘अहमदनग्गर’ आणि फ्रेंचांच्या कागदांत ‘शांदेरनागोर’ अशी जी रूपे दिसतात, ती मात्र त्यांच्या कानांची साक्ष म्हणून तशीच ठेवली.

राहिला आमच्या शहराच्या नावाचा प्रश्न. २०२४ पूर्वीच्या घटना सांगताना पुस्तकात अहमदनगर आहे, नंतरच्या सांगताना अहिल्यानगर, आणि मी स्वतः बोलत असेन तिथे नगर. पत्ता लिहिताना जुने लोक ‘जि. अ. नगर’ एवढेच लिहून मोकळे होत. ही सोय दोन्ही नावांना सारखीच लागू पडते, त्यामुळे आतल्या पानावरच्या पत्त्यात तीच ठेवली आहे.